कुमुदिनीतली मरळ

दुष्काळात पालीजवळच्या तळ्यात नुसती धूळ उडाली, तेव्हा मच्छीमार सोसायटीतली निम्मी माणसं पोटामागं उजनी धरणावर मासे धरायला गेली. साखराबाईचा नवरा सुग्रीवही गेला. "तळ्यात मरळ दिसली की सांग, दुसऱ्या दिवशी दारात उभा ऱ्हातो," म्हणून गेला. बघा पुरुषाची जात! वायदा केला तोही माशाच्या नावानं.

यंदा तळं भरलं. काठाला हिरवी पानं तरंगायला लागली तसा सोसायटीचा चेअरमन धुळाजी खवळला. "जलपर्णी आली बे. उपटा, न्हाईतर तळं गिळंल." दुधानं तोंड पोळलेला माणूस तो, शेजारच्या तलावाचं जलपर्णीनं केलेलं वाटोळं त्यानं पाहिलं होतं.

साखराबाई गुडघाभर पाण्यात उतरली. "भाऊजी, जलपर्णी मोकळी तरंगती, देठाला फुगा असतो, फूल जांभळं. हिला वढून बघा."

धुळाजीनं ओढलं. लांबच लांब देठ, खाली चिखलात रुतलेला. वर झालरीचं पांढरं फूल.

"कुमुदिनी हाय ही. हिच्या आडोशाला मरळ घर करती. उपटली तर अंडी कुठं घालावी तिनं?"

"जाळी अडकत्यात त्याचं काय?" धुळाजी कुरकुरला. पण पोरपणी त्यानंही ह्याच पानांतून मरळी काढल्या होत्या. मधलं पाणी मोकळं करायचं, काठ तसाच ठेवायचा, असं ठरलं.

मग साखराबाई रोज काठावर जाऊन बसायची. लोकांना वाटे, बाईला माशाचं लई वेड. तिला मेलीला मासा कशाला हवा होता, नवरा हवा होता.

एका सकाळी पानांच्या मधोमध गोल जागा साफ केलेली दिसली. तिथं लालसर पिल्लांचा घोळका वळवळत होता आणि खाली मरळ राखणीला होती. साखराबाईनं लगेच सुग्रीवला फोन लावला.

"मरळ आली."

"खरं?" सुग्रीव हरखला. "पिल्लं हायत का संगं?"

साखराबाई थबकली. पिल्लं राखणाऱ्या मरळीवर जाळं टाकायचं नाही, ही त्यांची जुनी रीत. 'न्हाईत' म्हटलं असतं तर गडी लागलीच निघाला असता. पण जीभ रेटेना.

"हायत."

"मग आत्ता येऊन काय धरू? मोठी झाली की येतो."

"मासं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मला बघायला या की. मला करमत न्हाई तुमच्याबिगर."

पलीकडं सुग्रीव खाकरला.

"येतो," तो म्हणाला. "जाळं हितंच ठेवून येतो."