चौदा नंबरची गाडी

व्हिटलॉकच्या नगर परिषदेत त्या संध्याकाळी लेलंड ओबर्ग एकही शब्द खोटा बोलला नाही. पुढे त्याला सगळ्यात जास्त छळलं ते यानेच. सरळ खोटं बोलला असता तर निदान कबूल करायला एखादं वाक्य तरी हाताशी असतं.

पोलिसांच्या गॅरेजात तो मुख्य मेकॅनिक होता. एकतीस वर्षं झाली होती. गावातली प्रत्येक गस्तीची गाडी त्याच्या हाताखालून गेलेली. नुसत्या आवाजावरून तो सांगायचा की अमुक गाडीचा पट्टा सैल झालाय आणि तमुक गाडी कोणीतरी फुटपाथवर चढवलीय. त्या हिवाळ्यात परिषदेने दोन हायब्रिड गाड्या प्रयोगासाठी घेतल्या. पोलिसांची गाडी धावते कमी आणि उभीच जास्त राहते. पण उभी असली तरी हीटर, रेडिओ आणि कॉम्प्युटरसाठी इंजिन दिवसभर घुरघुरत ठेवावं लागतं. हायब्रिडचं इंजिन आपणहून गप्प होतं, बॅटरीवर सगळं चालतं, आणि लागेल तेव्हाच दोन मिनिटं जागं होतं.

त्यातली चौदा नंबरची गाडी रेनाटा पुलास्कीला मिळाली. पोलिसात तिला सहा वर्षं झाली होती आणि जिभेला धार होती.

"काय गं रेनाटा, चोराच्या मागे लागलीस की चार्जर बरोबर घेतेस ना?" एक शिपाई तिला चिडवायचा.

"तुझी गाडी येतेय हे चोराला दोन गल्ल्या आधीच कळतं," ती म्हणायची. "माझी आलेली बेड्या पडल्यावर कळते."

लेलंड हसायचा, पण वरवर. या गाड्यांचे ब्रेक दुप्पट टिकतात, तेल निम्म्या वेळा बदलावं लागतं, हे त्याला कागद न वाचताही कळत होतं. सगळा ताफा बदलला तर गॅरेजात चारच्या जागी दोनच माणसं उरणार, असं अधिकाऱ्यांच्या बोलण्यात आलं होतं. त्याच्याखालोखाल हॉलिस होता, एकोणीस वर्षांपासूनचा सोबती. वय चौपन्न. त्याला आता दुसरं कोण ठेवून घेणार?

जानेवारीत पारा शून्याखाली सव्वीसवर गेला आणि एका सकाळी चौदा नंबर ठाण्याच्या आवारातच बंद पडली. नेमकी त्याच वेळी एक म्हातारी पायऱ्यांवरून घसरल्याची खबर आलेली. रेनाटाला दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीतून जावं लागलं आणि बारा मिनिटं उशीर झाला. म्हातारीचं मनगट मोडलं होतं, बाकी ती ठणठणीत होती. पण गावच्या पेपरात गाडीचा फोटो आला आणि खाली छापलं, 'नवी गाडी गारठली'.

लेलंडने गाडी ओढून गॅरेजात आणली. दुपारी हॉलिस जेवायला गेला असताना त्याने बॉनेट उघडलं आणि अर्ध्या तासात दोष सापडला. गाडी नवी आली तेव्हा पोलिसांचा रेडिओ बसवताना त्याची तार स्विचमधून न घेता थेट गाडी चालू करणाऱ्या लहान बॅटरीला जोडली गेली होती. गाडी बंद असली तरी रेडिओ रात्रभर चालू राहायचा आणि बॅटरी थेंबथेंब उतरायची. ती तार लेलंडने स्वतःच्या हाताने जोडली होती.

तार नीट केली, नवी बॅटरी टाकली. गाडी लगेच चालू झाली. कामाच्या कागदावर त्याने लिहिलं, 'बॅटरी बदलली'. तेही खरंच होतं.

आठवड्याने परिषदेची सभा भरली. आधी रेनाटा उभी राहिली. उभ्या गाडीत धूर कोंडत नाही, कानाला आराम मिळतो, रस्त्यावर काय चाललंय ते ऐकू येतं, असं ती म्हणाली. आणि गाडी एकदाच बंद पडलीय, तिला न्याय द्या. मग अध्यक्षा डालक्विस्टबाईंनी लेलंडला पुढे बोलावलं.

"मिस्टर ओबर्ग, गाडी बंद का पडली?"

"बॅटरी उतरली होती, मॅडम."

"म्हणजे तिला आपली थंडी झेपत नाही, असं म्हणायचं का?"

"आपली थंडी भल्याभल्यांना झेपत नाही."

सभागृहात हशा पिकला. रेनाटाने मान खाली घातली.

"आणि जुन्या गाड्या?"

"अजून पाच वर्षं सहज काढतील."

पाच विरुद्ध दोन मतांनी हायब्रिडचा विषय निकालात निघाला. दोन्ही गाड्या परत गेल्या. हॉलिसने त्याला बिअर पाजली, पाठीवर थाप मारली. लेलंडने ग्लास अर्धाच ठेवला.

रेनाटाला नऊ नंबरची गाडी मिळाली, तीन लाख किलोमीटर धावलेली. मार्चमध्ये नदीवरच्या पुलाचं काम निघालं आणि वाहतूक अडवायला तिला तिथे बसवलं. इंजिन चालू, काचा बंद, हीटर सुरू. तीन तास. गंज खाल्लेल्या धुराच्या नळीला गाडीखाली भेग गेली होती आणि मागे बर्फाचा ढीग होता. धूर आत शिरत राहिला. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. एका मजुराला तिचं डोकं काचेला टेकलेलं दिसलं. त्याने हाक मारली, मग फावड्याने काच फोडली.

ती वाचली. दोन दिवस ऑक्सिजनवर होती. पण नंतर बोलताना तिला शब्द सापडेनासे झाले आणि उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, बरी होईल, किती दिवसांत ते सांगता येत नाही.

पोलीस प्रमुख स्वतः गॅरेजात आले. "लेलंड, मनाला लावून घेऊ नकोस. तीन आठवड्यांपूर्वीच तू ती गाडी तपासली होतीस. तेव्हा भेग नव्हती."

नव्हतीच. तुझा दोष नाही असं जो तो सांगत होता, आणि प्रत्येक वेळी लेलंडला वाटायचं, आपण पुन्हा एकदा खोटं बोललो.

त्याचं जेवण सुटलं. मार्लिसच्या, त्याच्या बायकोच्या, नजरेतून ते सुटलं नाही. एका रविवारी सकाळी तिने कॉफीचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि समोर बसली. "आता बोल."

त्याने सगळं सांगितलं. ती त्याचा हात धरेल असं त्याला वाटलं होतं. तिने धरला नाही.

"हे मला सांगून काय उपयोग? मी नव्हते त्या पुलावर."

दुपारी तो रेनाटाच्या घरी गेला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती डाव्या हाताने सूप पीत होती. त्याने टोपी काढली आणि उभ्याउभ्याच तारेबद्दल सांगून टाकलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कळलं कधी तुम्हाला?"

"त्याच दिवशी. जेवणाच्या सुट्टीत."

"म्हणजे मी तिथे... तिथे उभी होते, तेव्हा माहीत होतं."

"हो."

"सगळे हसले तेव्हाही?"

"हो."

तिने चमचा खाली ठेवला. "भेगेचं मी समजू शकते, लेलंड. गंज कोणाला विचारून येत नाही. पण त्या संध्याकाळी घरी येऊन मी स्वतःला म्हटलं, बये, तुला गाडीतलं काय कळतं? कशाला शहाणपणा करायला गेलीस? दोन महिने मी हेच म्हणत होते. पुलावर बसले होते तेव्हाही डोकं जड झालं, तर वाटलं, उगाच तक्रार नको. परत हसतील."

लेलंड एक पाऊल पुढे आला.

"पोरी, मी..."

"माफ केलं असं माझ्याकडून वदवून घेऊ नका. आज जमणार नाही. त्या सभेत जाऊन सांगा. जे हसले त्यांना."

सभेला जाण्याआधी त्याने हॉलिसलाही सांगितलं. "तुझी नोकरी..." एवढंच तो म्हणाला, तर हॉलिसने हातातला पाना फेकला. "माझं नाव घेऊ नकोस यात! मी तुला गप्प राहायला सांगितलं नव्हतं." आणि दिवसभर तो त्याच्याशी बोलला नाही.

एप्रिलच्या सभेत नागरिकांना बोलायला तीन मिनिटं देतात. लेलंडला दीडच पुरली. "तार मी चुकीची जोडली होती. गाडीत दोष नव्हता. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. पुलास्की खरं बोलत होती." यावेळी कोणी हसलं नाही. डालक्विस्टबाईंनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या.

विषय पुन्हा मताला आला. यावेळी हायब्रिड गाड्या घ्यायचं ठरलं, सगळ्या एकदम नाही, दरवर्षी पाच. लेलंडला लेखी ताकीद मिळाली. जूनमध्ये तो निवृत्त झाला. निरोपाचा केक नको म्हणाला. त्याची जागा भरली नाही आणि वर्षभरात हॉलिसचीही गेली.

रेनाटा ऑगस्टमध्ये पुन्हा गस्तीवर आली. दुकानात समोरासमोर आली की मान हलवते, "कसे आहात?" विचारते आणि उत्तराला थांबत नाही. लेलंडची त्याबद्दल तक्रार नाही.

हॉलिस आता शाळेची बस चालवतो. लेलंडच्या घरावरून जाताना हॉर्न वाजवतो. राग त्याचा कधीच गेलाय. लेलंड खिडकीशी येऊन हात वर करतो, पण तोवर बस दर वेळी पुढे गेलेली असते.