जर्मनचं पातेलं आणि खारा चहा

मित्रांनो, मी एक जुनं जर्मनचं पातेलं आहे. जर्मनीशी माझा काही संबंध नाही. आमच्या पुण्यात अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात, एवढंच. प्रांजलीच्या लग्नात तिच्या आईनं मला घेतलं आणि माझ्या अंगावर लेकीचं नाव कोरून घेतलं. तिच्याबरोबर मी नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनला आलं. आल्याचा चहा उकळून माझं बूड काळं पडलं. पाहुणे म्हणत, "चहा प्यावा तर प्रांजलीकडे!" ते कौतुक मी माझंच समजत असे.

मग घर बदललं. नव्या घरात इंडक्शनची शेगडी होती. मला वर ठेवलं, की ती नुसती टीं टीं करायची. तिच्या लेखी मी नव्हतंच. माझ्यात कपड्यांचे चिमटे राहू लागले.

तेही मी सोसलं असतं. पण समोरच्या जुन्या घरात बाइर्ता आली. ती काल्मिक, रशियातल्या कॅस्पियन समुद्राजवळच्या गवताळ, बौद्ध मुलखातली. दर रविवारी ती निळ्या एनॅमलच्या भांड्यातून जोम्बा आणी. जोम्बा म्हणजे त्यांचा चहा. त्यात दूध, लोणी, जायफळ आणि चक्क मीठ!

"अगं, मिठानं दूध नासेल!" पहिल्यांदा प्रांजली ओरडली.

"आमचं नासत नाही," बाइर्ता म्हणाली.

मी मनापासून प्रार्थना केली, तरी नासलं नाही. उलट त्या निळ्याला शेगडीनं लगेच ओळखलं. "जायफळ काय सुरेख लागतंय गं!" प्रांजली म्हणाली. जायफळ! माझ्यात कधी चिमूटभर पडलं नव्हतं. शिवाय शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, म्हणून ते निळं दर वेळी चिवडा नाहीतर लाडू घेऊन मिरवत घरी जाई. मी चिमटे सांभाळत बघत राही.

एका रविवारी प्रांजलीनं आवराआवर काढली. चिमटे टोपलीत गेले आणि मी जुन्या वस्तूंच्या दुकानात द्यायच्या खोक्यात.

"हे का टाकतेस?" बाइर्तानं विचारलं.

"जर्मन आहे ते. इंडक्शनवर चालत नाही."

"जर्मन?" बाइर्तानं मला आदरानं दोन्ही हातांनी उचललं. कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "हे कंपनीचं नाव?"

प्रांजली स्वतःच्या नावाकडे बघत राहिली. "हो," ती हळूच म्हणाली, "जुनी कंपनी आहे."

"माझ्याकडे गॅस आहे. मी नेऊ?"

"ने. पण टाकू नकोस हं कधी."

बाइर्ताकडे मी पुन्हा आचेवर चढलं. ती डावानं चहा उपसून उपसून वरून ओतते, आणि पहिली वाटी बुद्धासमोर ठेवते. पुढच्या रविवारी मी प्रांजलीकडे गेलं ते बोर्त्सोकांनी भरून. तळलेल्या पिठाचा तो खाऊ बघून प्रांजलीची मुलगी अश्लेषा ओरडली, "मम्मा, लुक, शंकरपाळी! बट राउंड!" भांडं रिकामं पाठवायचं नाही, हे त्यांच्यातही आहे म्हणे.

आता प्रांजलीच तिकडे जाते, मुठीत आल्याचा तुकडा घेऊन. "आज माझ्या कंपनीत माझा चहा कर गं," म्हणते.

तेव्हा मित्रांनो, जुनं भांडं टाकण्याआधी शेजारी विचारून बघा. कुणाकडे तरी गॅस असतो.

त्या निळ्या भांड्यात बाइर्ता हल्ली कांदे ठेवते. मला फार वाईट वाटतं, असं मी म्हणायला हवं.