वाहत्या पाण्याकाठची भुईआवळी

भुईआवळी आपली फळे पानांच्या पाठीशी लपवते, दिलेला शब्द मुठीत झाकावा तशी. छायाने एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी याच तणाचा अर्क निवडला होता. विषाने कोमेजलेल्या यकृताच्या पेशी त्या अर्कात थोडा काळ तग धरत. हे घरी कळल्यापासून तिच्या आईच्या, प्रमिलाबाईंच्या, श्रद्धेला विज्ञानाचीही साक्ष मिळाली होती. त्यामुळे उधन्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये राबणारा थोरला मुलगा कुंदन काविळीने पिवळा पडला, तेव्हा दवाखान्याचे नावच निघाले नाही. रोज अनशापोटी ताकात वाटलेला पाला.

खानदेशातल्या त्यांच्या गावी नियम होता: काविळीचा पाला वाहत्या पाण्याकाठचाच खुडावा, साचल्या पाण्याचा आजार वाढवतो. उधन्यात वाहते पाणी एकच, मिलमागची खाडी. ती कधी जांभळी वाहे, कधी काळसर हिरवी, पण वाहे.

कॉलेजच्या बागेतल्या रोपांशी तुलना करावी म्हणून छायाने आईच्या ओंजळीतला थोडा पाला प्रयोगशाळेत नेला. औषधी द्रव्य दोन्हींत सारखेच निघाले. खाडीकाठच्या पाल्यात मात्र त्याच्या सोबतीला शिसे होते, क्रोमियम होते. एकाच पानात औषध आणि मरण शेजारधर्म पाळत होते.

ती धावत घरी आली तेव्हा वाटी भरलेली होती.

"आवी गयां डॉक्टरबेन!" खाटेवरून कुंदन मिलमध्ये शिकलेल्या गुजरातीत म्हणाला आणि हसला. डोळे हळदीत बुडवल्यासारखे.

"पिऊ नको, दादा. त्यात मिलचं विष आहे. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

"वाहता पानीमा विष टिकस का?" आई उसळली. "मन्हा बापनी याच पालावर आख्खं गाव बरं कयं. तुन्ही मशीनले काय समजस?"

"माय, ते डोंगरनं पानी व्हतं. हाई मिलनं शे!" छायाही आईच्या बोलीवर आली.

वाद कायमचा मिटावा म्हणून आईने वाटी स्वतःच्याच ओठांना लावली. "मी पी दखाडस." अर्धी रिकामी करून तिने ती मुलापुढे धरली.

कुंदनने बहिणीकडे पाहिले. तिचे म्हणणे त्याला पटले होते. ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

"माय पी गई," तो हळू म्हणाला. "आता मी नाही कसं म्हणू?"

छायाचा हात पोचण्याआधी वाटी तळापर्यंत रिती झाली.

आईने पदराने त्याचे ओठ टिपले. "सकायथून मी बी रोज तुन्हासंगे पिसू," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन खाडीकडे निघाली.