भिंगरीला दिलेलं चांदीचं पाणी

"बानाबाईनं शेळीला चांदीचं पाणी दिलं म्हणं, अन् आता ती शेळी..."

मालनबाई एवढंच बोलल्या आणि टँकर आला. सगळ्या हंडे घेऊन पळाल्या. गोष्ट अर्धीच राहिली, आणि उरलेली अर्धी गल्लीनं आपल्या मनानं रचली.

मी बानाबाईचा तांब्या बोलतोय. नावानं तांब्या आणि अंगानंही तांब्याचाच; स्टीलचे असून तांब्या म्हणवून घेणारे वेगळे. मी खिडकीत बसतो. तोंड कायम उघडं, त्यामुळं गल्लीतलं सगळं माझ्यात येऊन पडतं. कुणी याला भोचकपणा म्हणेल, मी शेजारधर्म म्हणतो.

शहागंजच्या बाजारातून मी बानाबाईच्या लग्नात आलो. पुढं पिशोरच्या माळावर तिच्या शेळ्यांमागं हिंडलो. दुष्काळ पाठ सोडीना, तशा शेळ्या एकेक करून गेल्या आणि आम्ही लेकाकडं शहरात आलो. इथं वावरांचे प्लॉट झालेत, घरोघर नळ बसलेत, नळाला पाणी तेवढं नाही. सोबत एकच शेळी आली, काळीभोर भिंगरी. कळपातली शेवटची. बानाबाई लेकाशी कमी आणि तिच्याशी जास्त बोलते.

तर या भिंगरीनं चारा सोडला. पोट टम्म. बानाबाईनंही जेवण सोडलं. मग नात प्रांजलीनं कुठूनसं चांदीचं पाणी आणलं. त्यात चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण असतात आणि पाळीव जनावरांना ते गुणकारी, असं तिला कुणी तरी सांगितलेलं. पाणी तपकिरी काचेच्या बाटलीत होतं.

"आज्जे, काचंतच ठेव. बाटलीवर तसं लिहिलंय."

"काचंत काय गुण असतो व्हय? तांब्यातलं पाणी आधीच औषध, त्यात चांदी. डबल गुण येईल."

आणि सगळी बाटली माझ्यात रिकामी झाली. काय सांगू, अंगभर गुदगुल्या सुटल्या. चांदी पाण्यातून निघून माझ्या पोटाला चिकटू लागली आणि माझं तांबं सुटून पाण्यात उतरू लागलं. दोघी जावांनी लुगडी बदलून नेसावीत तसं. पण हे पाणी आता भिंगरीच्या पोटात जाणार होतं. मी टणटण वाजून बघितलं, कुणी लक्ष दिलं नाही.

तोवर दारात गर्दी. सोनार चांदीचं पाणी देतो ते पैंजणाला, एवढंच गल्लीला ठाऊक.

"नुसत्या शिंगांना दिलं का आख्ख्या शेळीला?" आवडाबाईंनी विचारलं.

"आख्ख्या," मालनबाई म्हणाल्या. "म्हणून तर खाईना. तोंड चिकटलं असंल."

"अन् दूध?"

"दुधावर साय नाय, वर्ख येत असंल."

बानाबाईनं मला भिंगरीच्या तोंडाला लावलं. भिंगरीनं हुंगलं आणि असं शिंग हाणलं की मी गडगडत दाराबाहेर. पाणी मातीत. बानाबाई मटकन बसली. "औषध गेलं. आता ही बी जाती."

प्रांजलीनं बोलावलेले जनावरांचे डॉक्टर नेमके तेव्हाच आले. मी त्यांच्या पायाशी. त्यांनी उचलून आत डोकावलं, प्रांजलीनं रिकामी बाटली दाखवली.

"मावशी, सांडलं ते बरं झालं. चांदी बसली या भांड्याला आणि पाण्यात उतरलं तांबं. ते पोटात गेलं असतं तर दुखण्यात दुखणं. आणि चांदीच्या पाण्यानं पोटफुगी उतरते हे कुणी सांगितलं? काय खाल्लं हिनं?"

"शेजारच्या मंगल कार्यालयातला भात," प्रांजली म्हणाली. "टोपलंभर."

"वऱ्हाडी किती होते ते तरी विचारलं का हिला?"

डॉक्टरांनी औषध पाजलं, पोट चोळलं. दिवस कलताना भिंगरीनं असा ढेकर दिला की मालनबाई दोन पावलं मागं सरल्या. मग तिनं आवडाबाईंच्या पिशवीतली मेथी ओढली. आवडाबाई ओरडत होत्या आणि बानाबाई रडत रडत हसत होती. त्या दिवशी भिंगरी आणि बानाबाई, दोघीही जेवल्या.

शेळी काळीची काळी निघाली, याचा गल्लीला जरा राग आला. मालनबाई अजून म्हणतात, "काय तरी दिलं होतं बाई, उगं नाय कुणी बोलत."

तसं खोटं नाही. पण शेळीला नाही, मला. आत डोकावा, पोटात पांढुरकी झाक दिसेल. बानाबाई उद्या चिंच अन् राखेनं घासून ती काढणार आहे, तेव्हा बघायचं असेल तर आजच या. फक्त माझ्यात औषध तेवढं ओतू नका. साधं पाणी द्या. टँकरचं चालेल.