डावं मागचं चाक

डावीकडचा मागचा टायर दोन वर्षांत तिसऱ्यांदा फुटला तेव्हा पिकअपमध्ये अठ्ठेचाळीस मधपेट्या होत्या आणि ऊन चांगलंच वर आलं होतं.

गाडी धाकटी चालवत होती, शेजारी थोरली बसली होती. दोघी सख्ख्या जावा. माश्या थोरलीच्या आणि गाडी धाकटीची, असा कारभार आठ वर्षं बिनबोभाट चालला होता. त्यांचे नवरे, म्हणजे दोघे भाऊ, सुतार. पेट्या तेच करून देत, पण एकदा का पेटीत माश्या शिरल्या की चढवणं-उतरवणं सोडलं तर दोघेही तिच्या वाटेला जात नसत. ज्या शेतात फुलोरा असेल तिथे पेट्या न्यायच्या, महिनाभर ठेवायच्या, मध काढून घरी आणायच्या. न्यायच्या त्या पहाटे, माश्या आत असताना दारं बंद करून, आणि ऊन तापायच्या आत पोचायचं. बंद पेटीला ऊन लागलं की आतल्या माश्या उकडून मरतात. त्यातही गच्च भरलेली पेटी आधी जाते.

त्या दिवशी नेमकं तेच झालं. स्टेपनी होती, पण भरलेली गाडी जॅकला उचलेना. दोन्ही बाजूंना नांगरलेली उघडी शेतं, सावलीला झुडूपही नाही. दारं उघडावीत तर माश्या त्या परक्या जागी उडून जाणार. शेवटी दोघींनी डावीकडच्या पेट्या उतरवून रस्त्याकडेला मांडल्या, चाक बदललं, पेट्या परत चढवल्या. दोन तास गेले. पुढे जाण्यात अर्थ नव्हता, घर जवळ होतं, म्हणून गाडी मागे वळवली. परसात दारं उघडली तेव्हा सदतीस पेट्यांमधून माश्या बाहेर आल्या. अकरांमधून आल्या नाहीत.

थोरलीने त्या अकरा पेट्यांची झाकणं एकेक करून काढली. आत हात घातला, मूठभर माश्या तळहातावर घेतल्या, परत ठेवल्या. धाकटीला वाटलं, आता ही बोलेल. थोरली मोरीकडे गेली. हात धुऊन आल्यावर एवढंच म्हणाली, "सूर्यफुलाला वीस दिवस आहेत. तोवर टायरचं बघ."

ओरडली असती तर बरं झालं असतं, असं धाकटीला वाटलं.

धाकटीचा स्वभाव चौकस. लहानपणी तिने घरातलं घड्याळ उघडून बघितलं होतं आणि ते पुन्हा कधी चाललं नव्हतं. नवरा म्हणायचा, हिला प्रश्न विचारल्याशिवाय घास उतरत नाही. पण टायरच्या बाबतीत तिने आजवर कधी डोकं चालवलं नव्हतं. फुटला, दुसरा आणला, बसवला. एकच चाक का फुटतं, हे तिने स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं, आणि आता तेच तिला टोचत होतं.

गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर एक टायरचं दुकान होतं. दुकानदाराला सगळे मास्तर म्हणत. तो शाळेत कधी शिकवायला नव्हता, पण गिऱ्हाइकाची परीक्षा घेतल्याशिवाय माल दाखवायचा नाही, म्हणून हे नाव पडलं होतं. आत शिरलं की नव्या रबराचा उग्र वास नाकात बसायचा. कोपऱ्यात हवा भरायचं यंत्र धापा टाकत असायचं.

धाकटीने सरळ सांगितलं की सगळ्यात दणकट टायर हवेत. समोर भिंतीला टेकवून एक जोडी ठेवली होती, मोठाल्या बटणांची, चिखल ओरबाडत जाईल अशी. तिचं मन त्या जोडीवर बसलंच होतं.

मास्तर म्हणाले, "दणकट कशासाठी? काय भरता, किती भरता, रस्ता कसला?"

मधाच्या पेट्या, ती म्हणाली. किती वजन ते ठाऊक नव्हतं. रस्ता बहुतेक डांबरी, शेवटचा मैलभर कच्चा. मास्तरांनी मान हलवली आणि फुटलेला टायर आणलाय का ते विचारलं. नशिबाने तो गाडीतच पडून होता.

त्यांनी तो जमिनीवर आडवा टाकला, तिला वाकून बघायला लावलं. रस्त्याला लागणारी नक्षी अजून खोल होती, निम्मीसुद्धा झिजली नव्हती. फाटला होता तो बाजूने, कडेकडेने वर्तुळात, कुणी कात्री चालवावी तसा. मास्तरांनी आतून बोट फिरवून तिच्यापुढे धरलं. बोटाला बारीक काळी पूड लागली होती, शिसपेन्सिलीला टोक करताना पडते तशी.

ही पूड कसली, हे तिने विचारलं, आणि मग तासभर ती विचारतच राहिली. मास्तरांनाही बऱ्याच दिवसांनी असं गिऱ्हाईक मिळालं असावं. त्यांनी मागच्या खोलीतून करवतीने कापलेला टायराचा एक तुकडा आणला आणि आतले थर दाखवले. वर रबर, मग पोलादी तारांची जाळी, मग दोऱ्याचे थर. बाजूला मात्र तारा नाहीत, नुसते दोरे आणि रबर. चाक फिरताना खालची बाजू दबते, वर गेली की सरळ होते, एका मैलात शेकडो वेळा. वजन जास्त झालं किंवा हवा कमी पडली की ती जास्त दुमडते. दुमडली की तापते, तापली की आतल्या आत झिजून तिची पूड होते. वरून काही दिसत नाही आणि एक दिवस बार उडतो.

"हवा किती ठेवता?" मास्तरांनी विचारलं.

इथे धाकटीची जीभ अडखळली. दुसरा टायर फुटल्यावर तिने मागच्या चाकांची हवा मुद्दाम कमी केली होती. फुगा जास्त फुगवला की फुटतो, मग टायर जरा मऊ ठेवलेला बरा, असा तिचा हिशेब होता. तिने तो खालमानेने सांगितला.

मास्तर हसले नाहीत. म्हणाले, इथे येणारे निम्मे लोक हेच करतात. पण त्याने मागची दोन्ही चाकं सारखीच तापायला हवीत. मग उजवा टायर कसा शाबूत राहिला? त्यांनी बाहेर येऊन उजव्या चाकावरून हात फिरवला. दुसऱ्यांदा फुटल्यावर धाकटीने जोडीच घेतली होती, म्हणून तोही त्याच दिवशीचा, त्याच बनावटीचा, आणि अंगावर एक सुरकुती नाही.

"आज मी तुम्हाला चार नवे टायर देईन आणि तुम्ही खूश होऊन जाल," ते म्हणाले. "पण वहिनी, हे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आधी प्रत्येक चाकावर किती वजन पडतं ते बघून या. मग टायर निवडू."

वजन करायचं तर गाडी नेहमीसारखी भरायला हवी. थोरलीला विचारायचं धाकटीच्या जिवावर आलं होतं. सुतार भावांपैकी एकाने पेट्यांऐवजी विटा भर असा सल्ला दिला. तोही तिला पटला नाही, कारण विटा सगळ्या सारख्या असतात. शेवटी तिने जेवताना विषय काढला. थोरलीने ताटातली नजर न उचलता विचारलं, गाड्या तोलायचा काटा किती लांब आहे. सव्वा मैल, असं कळल्यावर म्हणाली, उजाडताना भरू, ऊन यायच्या आत परत आणू.

गेलेल्या अकरा पेट्यांच्या जागी परसात राखून ठेवलेल्या अकरा घेतल्या. एरवी पेट्या चढत असताना धाकटी इंजिनाचं तेल बघ, दोर सोडव, असल्या कामात असायची. त्या दिवशी ती नुसती हात बांधून उभी राहिली आणि आठ वर्षांत पहिल्यांदा तिने थोरलीचं भरणं नीट पाहिलं. थोरली प्रत्येक पेटीला कान लावायची. मग मागची कड एका हाताने बोटभर उचलायची, क्षणभर तशीच धरायची आणि मानेने खूण करायची, डावीकडे किंवा उजवीकडे. त्याप्रमाणे दोघे भाऊ पेटी चढवायचे. दोघांच्या तोंडावर जाळी, हातात जाड मोजे, आणि चालणं चोरपावलांचं.

काट्यावरचा माणूस आधी वैतागला. अख्खी गाडी तोलायची सोडून एकच बाजू तोल, मग एकच चाक तोल, असं आजवर त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण पेट्यांमधली गुणगुण ऐकून त्याने फार वाद घातला नाही. लवकर आटपा, एवढं म्हणून तो काचेमागे गेला आणि खिडकी लावून घेतली. धाकटीने डावी चाकं पोलादी फळीवर आणि उजवी बाहेर, अशी गाडी लावली, मग उलट, मग नुसतं मागचं एकेक चाक. आकडे तिने पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतले. डावी बाजू एकोणीसशे चाळीस किलो, उजवी सोळाशे वीस. एकट्या डाव्या मागच्या चाकावर बाराशे चाळीस. आणि मास्तरांनी दाखवल्याप्रमाणे टायरच्या बाजूवरचा आकडा वाचला, तर तो जास्तीत जास्त अकराशे वीस किलोचा होता.

घरी येऊन पेट्या उतरवल्या, दारं उघडली. मग धाकटीने कागद थोरलीपुढे ठेवला.

"ताई, तुम्ही डावीकडे कुठल्या पेट्या ठेवता?"

"भरलेल्या. मध आणि माश्या जास्त असलेल्या."

"का?"

थोरलीला या प्रश्नाचं नवल वाटलं. "आपण निघतो ते उत्तरेकडे. सकाळचं ऊन उजवीकडून येतं. भरलेल्या पेट्या लवकर तापतात, म्हणून त्यांना सावलीच्या बाजूला ठेवते. हलक्या पेट्या ऊन सोसतात."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलं नाहीस. जगाला विचारत असतेस."

हे बोलताना ती जरा हसली होती, पण कागदावरच्या आकड्यांवर नजर गेली आणि ते हसू मावळलं. तिने दोन्ही बाजूंमधला फरक मनातल्या मनात काढला असावा. धाकटीला तिच्या चेहऱ्यावरून कळलं, ती कुठे पोचली ते. गेलेल्या अकराही पेट्या डावीकडच्या होत्या, सगळ्यात भरलेल्या. ज्यांना उन्हापासून जपायला म्हणून डावीकडे ठेवलं, त्यांच्याच भाराने चाक गेलं, आणि त्याच आधी उतरून उन्हात बसल्या.

"म्हणजे मीच," थोरली म्हणाली.

धाकटी तिच्या शेजारी पायरीवर बसली. हवा कमी केल्याचं तिने अजून घरात कुणाला सांगितलं नव्हतं. ते आता सांगितलं, फुग्याच्या हिशेबासकट. थोरलीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझी हवा आणि माझं वजन. दोघींनी मिळून केलं म्हणायचं." आणि कागदाची घडी घालत, "तुला वाटतंय तेवढी मी तुझ्यावर चिडलेली नव्हते. मला त्या पेट्यांचं वाईट वाटत होतं, बाकी काही बोलायला सुचत नव्हतं."

त्या दुपारी दोघींनी परसातल्या मातीत काडीने पिकअपचा चौकोन काढला. भरलेल्या पेट्या मधोमध, हलक्या दोन्ही कडांना, म्हणजे वजन सारखं आणि ऊन पहिल्यांदा हलक्यांवर. उजव्या बाजूला ओली गोणपाटं सोडायची, ही भर थोरलीची. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. वजन सारखं वाटून दिलं तरी मागच्या प्रत्येक चाकावर अकराशे किलो पडत होते, जुन्या टायरला काठोकाठ. पुढे मध वाढला की काय करणार?

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कागद दोनदा वाचला आणि खिशातला चष्मा काढून तिसऱ्यांदा वाचला. भिंतीजवळच्या मोठ्या बटणांच्या जोडीबद्दल धाकटीने स्वतःच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. डांबरावर ती बटणं हलणार, घासणार, जास्त तापणार. मैलभर कच्च्या वाटेसाठी बाकी सगळी वाट कशाला तापवायची? मास्तरांनी मग मागून एक साधी जोडी आणली. सरळ रेघांची नक्षी, दिसायला अगदी मुकाट, पण बाजूला थर जास्त आणि वजनाचा आकडा साडेचौदाशे किलोचा.

धाकटीने खाली बसून दोन्ही टायरांवरचे शेवटचे चार आकडे शोधले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, हे तिला पहिल्याच दिवशी त्यांनी शिकवलं होतं. एक टायर चार महिन्यांपूर्वीचा निघाला. दुसरा पाच वर्षांपूर्वीचा.

"मास्तर, हा तर म्हातारा आहे."

मास्तरांनी वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. ते मुद्दाम केलेलं नव्हतं, हे तिला दिसत होतं. कुठल्या तरी जुन्या मालातला मागे राहिलेला असणार. त्यांनी तो उचलून बाजूला नेला, त्यावर खडूने फुली मारली आणि ताजा जोडीदार शोधायला शिडी लावून वर चढले. खाली उतरल्यावर म्हणाले की शिकवलेलं इतक्या लवकर अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. टायर बसवून झाल्यावर हवा त्यांनी धाकटीलाच भरायला लावली आणि सांगितलं, मोजायची ती नेहमी निघायच्या आधी, गार असताना.

सूर्यफुलाला निघाल्या तेव्हा झुंजूमुंजू होत होतं. अर्ध्या वाटेत धाकटीने गाडी कडेला घेतली, उतरली, आणि मागच्या दोन्ही चाकांना आळीपाळीने हात लावला. थोरलीही उतरली. तिनेही हात लावला, आधी डाव्याला, मग उजव्याला, मग परत डाव्याला, पेटीला लावायची तशाच सावकाशीने. दोन्ही सारखेच कोमट होते.

"आता याला किती झेपतं म्हणालीस?" तिने विचारलं. धाकटीने आकडा सांगितला. "मग मध अजून वाढायला हरकत नाही," म्हणून ती वर चढून बसली.

ऊन कोवळं असतानाच पोचल्या. शेतकरी बांधावर वाट बघत होता, पण दारं उघडायच्या वेळी तो लांब जाऊन उभा राहिला. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पेट्यांतून माश्या बाहेर आल्या. पेटीभोवती घिरट्या घालून त्यांनी जागा ओळखून घेतली आणि पिवळ्या फुलांकडे गेल्या. थोरलीने तरीही सगळ्या पेट्या पुन्हा एकदा मोजल्या.

परत येताना गाडी रिकामी होती. नव्या टायरांमध्ये हवा भरपूर, त्यामुळे प्रत्येक खड्डा पाठीच्या मणक्यापर्यंत पोचत होता. थोरली तशातही खिडकीला डोकं टेकवून झोपली. धाकटी मात्र विचारात पडली. भरल्या गाडीला इतकी हवा लागते, मग रिकाम्या गाडीला किती पुरावी? आणि ती कमी करायची तर किती, आणि पुन्हा भरायची कुठे? मास्तरांचं दुकान वाटेवरच होतं. तिने गाडी तिकडे वळवली.