कोमल निषादाचा खटका

विभावरी वहिनी हार्प शिकायला लागली तेव्हा आमच्यापैकी कुणीच ते फारसं मनावर घेतलं नाही. चाळिशीनंतर बायका काहीतरी शिकतातच, असं श्रीधरदादा म्हणाला आणि मीही हसले. मी दादाची धाकटी बहीण, मीनल. इथे जर्मनीत, ब्योब्लिंगेनमध्येच, त्यांच्यापासून दोन बसस्टॉप पलीकडे राहते, त्यामुळे त्यांच्या घरात काय शिजतंय ते मला वासावरून कळतं.

हसणं लवकरच थांबलं. वहिनी खरंच वाजवू लागली. आयरिश चाली, इथल्या शाळांतली लोकगीतं, जुनी सिनेमातली गाणी, जे कानावर पडेल ते ती एकटीनं वाजवण्यासाठी बसवायची. तिची केल्टिक हार्प छातीएवढ्या उंचीची, खांद्याला टेकवून वाजवायची. प्रत्येक तारेच्या डोक्यावर एक छोटा खटका असतो. तो वर केला की सूर अर्धी पायरी चढतो, खाली केला की उतरतो. आता दोन्ही हात तारांवर असताना खटका ओढायचा कुणी, ही या वाद्याची कायमची अडचण.

गेल्या उन्हाळ्यात दादाच्या कंपनीत कुर्त्सआर्बाइट सुरू झालं. म्हणजे काम निम्मं, पगार थोडा कमी, आणि नवरा अर्धा आठवडा घरात. गाड्यांचे सुटे भाग डिझाइन करण्यात त्याची सतरा वर्षं गेली होती, आणि आता येत्या वसंतात त्याचा विभागच बंद होणार होता. दादा चिडला नाही. तो वहिनीनं डिशवॉशरमध्ये लावलेली भांडी काढून आपल्या पद्धतीनं पुन्हा लावायचा. ते बघवत नसे.

त्याच सुमारास वहिनीनं देस रागातलं एक जुनं नाट्यपद बसवायला घेतलं. आमचे बाबा दाढी करताना म्हणायचे ते. देसात वर जाताना शुद्ध निषाद लागतो आणि उतरताना कोमल, म्हणजे एकाच तारेचा खटका घडीघडी वरखाली करायला हवा. वहिनी दादाला म्हणाली, "मला जमत नाहीये. तू इथे स्टुलावर बसून खटका ओढशील का?"

दादा बसला. मग तो त्यात बुडालाच. खटक्याचा आवाज येऊ नये म्हणून बोट कसं ठेवायचं, किती आधी ओढायचं, यावर तो माझ्याशी फोनवर बोलायचा. भांडी वाचली. दिवाळीत इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात दोघांनी ते पद वाजवलं, आणि झाल्यावर मंडळातल्या वासंतीकाकू थेट दादाकडे गेल्या. "काय टायमिंग हो तुमचं, श्रीधर. किती सपोर्टिव्ह." वाजवलं वहिनीनं, आणि कौतुक खटका ओढणाऱ्याचं. नवऱ्यानं कपबशी उचलली तरी आपल्याकडे टाळ्या पडतात. माझं डोकं फिरलं, पण वहिनी शांतपणे हार्पला खोळ घालत होती.

जानेवारीत दादाला रेगेन्सबर्गमधून नोकरीची ऑफर आली. काम त्याच्या हातातलं, माणसं बरी, फक्त आठवडाभर तिथे राहावं लागणार. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. आदल्या बुधवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते.

"नाही म्हणणार आहे मी," दादा म्हणाला. "एक्कावन्नाव्या वर्षी प्रोबेत्साइट कोण करतं? पुन्हा सहा महिने उमेदवारी? आणि तिकडचं ते बायरिश बोलणं मला अर्धं कळत नाही."

"दुसरं काही हातात आहे का?" मी विचारलं.

"बघू. आल्झो, म्हणजे, शिवाय विभाचं काय? शनिवारी तिच्या मुझिकशूलचा फोरश्पील आहे, सगळ्या विद्यार्थ्यांचं वादन, मग पाडव्याला मंडळाचा कार्यक्रम, मग उन्हाळ्यातला. मी तिकडे गेलो तर खटका कोण ओढणार?"

मला हसू आलं नाही. दादा घाबरला होता, आणि घाबरल्यावर धरायला त्याला तो खटका बरा सापडला होता. नको म्हणायचं कारण मिळालं की माणूस घरी बसतो, आणि या वयात एकदा बसला की उठत नाही. हे मला दिसत होतं, तर वहिनीला दिसत नसेल का?

वहिनी आमटी वाढता वाढता म्हणाली, "शनिवारी तू समोर लोकांत बस. मी ते पद तुझ्याशिवाय बसवलंय."

दादाचं तोंड एवढंसं झालं. "आणि कोमल निषाद? गाळलास?"

"आहे."

"कसा आहे? खटका ओढल्याशिवाय कसा लागेल?"

"शनिवारी ऐक," ती म्हणाली आणि भाताकडे वळली. मला वाटलं, दिवाळीचा राग आता बाहेर निघाला. बरं झालं, असंही वाटलं.

शनिवारी दादा माझ्या शेजारी दुसऱ्या रांगेत बसला, इस्त्रीचा शर्ट घालून. छापील कार्यक्रमात वहिनीच्या नावापुढे "सोलो" होतं. तिनं बसताना दोनच खटके नीट केले. वरच्या सप्तकातला निषाद शुद्ध ठेवला, खालच्या सप्तकातला कोमल, आणि मग एकदाही वर हात नेला नाही. चाल वरच्या तारांवर चढायची आणि उतरायची वेळ आली की डाव्या हातानं खालच्या सप्तकात जायची. ती जागा पहिल्यांदा आली तेव्हा दादाचा हात मांडीवरून आपोआप उठला. कोमल निषाद खालून, त्याच्याशिवाय, स्वच्छ वाजला. दादानं हात परत ठेवला. मला त्याची फार दया आली, आणि ती दाखवता येत नव्हती म्हणून मी समोरच बघत राहिले.

टाळ्या खूप पडल्या. नंतर कॉफी आणि ब्रेत्सेल. वहिनीची शिक्षिका, फ्राऊ लिंडनर, कप घेऊन आमच्यापाशी आली.

"शेवटी ऐकलं तिनं माझं," ती जर्मनमध्ये म्हणाली. "दोन सप्तकांची ही युक्ती मी तिला उन्हाळ्यात, पहिल्याच आठवड्यात दाखवली होती. तिनं त्याच दिवशी वाजवूनही दाखवलं. पण म्हणाली, नको, मला माणूस लागेल."

दादानं कप खाली ठेवला. हार्प उचलून गाडीपर्यंत नेली, मागच्या सीटवर पांघरूण घालून आडवी केली. मी कोपऱ्यात अंग चोरून बसले. गाडी सुरू न करता त्यानं विचारलं, "विभा, तुला येत होतं, तर मला इतके महिने कशाला बसवलंस?"

वहिनी पट्टा लावत होती. "तू घरात एकटाच फिरत होतास. म्हटलं, माझ्याजवळ बस."

"आणि आता?"

"आता तुला जायला हवं, श्रीधर."

दिवाळीपासून मी वहिनीला किती चुकीचं समजत होते, ते मला त्या मागच्या सीटवर कळलं. दादानं आपला पट्टा लावला. मग म्हणाला, "गेनाऊ. बरोबर आहे," आणि गाडी सुरू केली. सोमवारी त्यानं होकार कळवला.

मार्चपासून तो आठवडाभर रेगेन्सबर्गला असतो. बायरिश अजून कळत नाही, पण कँटीनमधल्या माणसांच्या नकला फोनवर करतो, म्हणजे बरा आहे. मागच्या बुधवारी ऑफिसातून परतताना मी वहिनीकडे गेले. चहा झाल्यावर म्हटलं, ते पद वाजव ना.

तिनं एक आयरिश चाल वाजवली. मग दुसरी. मी पुन्हा म्हटलं.

"ते नको," ती म्हणाली.

"अगं, फोरश्पीलला किती छान झालं होतं. लोक उभे राहिले होते."

वहिनीनं तारांवर दोन्ही हात आडवे ठेवून आवाज बंद केला. "दोन सप्तकांतलं ते मला कधीच आवडलं नाही, मीनल," ती म्हणाली. "मधेच तुटतं."