तेल वाढलं तेव्हा

"तेल वाढलंय," टेलरबाई म्हणाल्या. "मी थेंबभरही घातलं नाही, तरी वाढलंय. चांगलंच ना हे?"

मिस्त्रीने बॉनेटखाली वाकून तेल मोजायची पट्टी ओढली, नाकाजवळ नेली. एरवी या बाई दिसल्या की तो हसायचा. आज हसला नाही.

गाडी जुनी, डिझेलवरची. आधीच्या मालकाने तिला जपलं की छळलं, कोणाला ठाऊक. शिलाई मशीनला रोज तेल पाजणारा बाईंचा हात; पट्टीवर काळं दिसलं की त्या लगेच गॅरेज गाठायच्या. "अहो ताई, डिझेलचं तेल बदलल्या बदलल्या काळंच होतं," मिस्त्री सांगायचा. बाई ऐकून घ्यायच्या आणि तेल बदलूनच जायच्या.

गाडी हिंडायला घेतलेलीच नव्हती. नवऱ्याचा दमा उसळला त्या सकाळी शेजाऱ्यांची गाडी सुरूच होईना. किल्ली फिरवावी आणि तिने नुसतं खाकरावं. मागच्या सीटवर, बाईंच्या मांडीवर, नवऱ्याचे ओठ जांभळे होत गेले. थोडक्यात निभावलं. पण ते खाकरणं बाईंच्या कानात जे शिरलं, ते शिरलंच. केस पिकल्यावर त्या गाडी शिकल्या ते त्याच भीतीने.

"रोज सुरू करता का?"

"रोज सकाळी. चहा उकळेस्तोवर. होते ना सुरू, एवढंच बघायला."

"आणि चालवत नाही?"

"उगाच झिजवायची कशाला?"

मिस्त्रीने पट्टी पुसून जागी बसवली. "इथंच चुकतंय, ताई. धुरातली काजळी अडवायला हिच्यात जाळी आहे. गाडी लांब पळाली, तापली, की ती काजळी जळून जाते. तुम्ही जागच्या जागी घुरघुरवत ठेवता. जाळी चोंदते. ती जाळायला गाडी जास्तीचं डिझेल सोडते, आणि ते खाली तेलात उतरतं. वाढलं ते तेल नाही, डिझेल आहे. असंच चाललं तर इंजिन बसेल. आणि बसायचं तर ते नेमकं नको त्या दिवशी बसतं."

बाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. आपणच, आपल्याच हातांनी, रोज सकाळी.

"मग किती दिवसांनी आणू हिला?"

"आज तेल बदलून देतो. पुढं वर्षातून दोनदा आणलीत तरी पुष्कळ. पण आठवड्यातून एकदा मोठ्या रस्त्यावर पळवा. चांगला अर्धा तास. मध्ये न थांबता."

"न थांबता?" बाईंनी विचारलं, आणि घरी पोहोचेपर्यंत तेच मनाशी विचारत राहिल्या.

नवरा ऐकून खोकत खोकत हसला. "म्हणजे हिचं नि माझं दुखणं एकच! घरात बसवून बसवून छाती चोंदवलीस दोघांची."

"जीभ आवरा. वाटेत दम लागला तर?"

"तर तू आहेस, औषध आहे, गाडी आहे. घरात तरी आणखी काय असतं गं?"

बाईंनी त्याच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला, काढला, पुन्हा गुंडाळला.

गाव मागे पडलं. वाट वर निघाली, उन्हात निघाली, दोन्ही कडांना वाळलं गवत घेऊन निघाली. गाडीचा आवाज भरत गेला, मोकळा होत गेला. आणि त्या आवाजात बाईंना नवऱ्याच्या श्वासाची शिट्टी ऐकू येईना. घरात ती तिन्ही खोल्यांत ऐकू यायची. तिच्या तालावर त्या शिवत बसायच्या.

"अहो."

"हं."

एक वळण गेलं.

"अहो?"

"समोर बघ. मी कुठं पळून जातोय?"

आणखी दोन वळणं गेली. मागून ट्रक लागला होता.

"अहो..."

उत्तर आलं नाही. बाईंनी क्षणभर शेजारच्या सीटकडे नजर वळवली. डोळे मिटलेले, मान काचेकडे कललेली. पाय ब्रेकवर गेला. न थांबता, मिस्त्री म्हणाला होता. आज थांबलं तर उद्या ही सुरू होईल का?

समोरचा रस्ता न सोडता त्यांनी डावा हात लांबवला, मफलरखाली सरकवला आणि त्याच्या छातीवर ठेवला. छाती खाली गेली. बाई वाट पाहत राहिल्या. मग ती वर आली.

ब्रेकवरचा पाय त्यांनी उचलला. चढ लागला की गियर बदलायला हात काढायच्या, आणि बदलून झाला की परत तिथेच ठेवायच्या.